नोंदवहीतला ‘जिवंत’ मासा

मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, शीव, मुंबई यांस,



मी टिटवाळ्याची, काळू नदीकाठची रहिवासी. काही वर्षं एका खासगी प्रयोगशाळेत कारखान्यांच्या सांडपाण्याची मत्स्यचाचणी करत होते. प्रक्रिया केलेलं सांडपाणी टाकीत घ्यायचं, साधं पाणी जराही मिसळायचं नाही, दहा मासे सोडायचे आणि ९६ तास लक्ष ठेवायचं. एक मेला तर चालतो, दोन मेले की नमुना नापास. ९० टक्के मासे जगलेच पाहिजेत, ही अट १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांतली. मंडळाच्या संमतीपत्रांतही ती असते.

पाणी वाईट असलं की मासे आधी वर येतात, तोंड उघडून हवेसाठी धडपडतात. मग तोल जातो, कुशीवर कलतात. कल्ले मात्र हलत असतात, म्हणून वहीत ‘जिवंत’ लिहायचं. असं मी कितीदा लिहिलं, त्याची मोजदाद नाही.

चाचणी बंद करा, असं मी म्हणत नाही. अंबरनाथ, डोंबिवलीचे कारखाने उल्हास नदीच्या खोऱ्यात आहेत. आमची काळूही उल्हासलाच मिळते. नदीतल्या माशांसाठी ही अट हवीच. पण त्यासाठी टाकीतले मासे मारायलाच हवेत, असं आता राहिलेलं नाही. जर्मनीने २००५ पासून सांडपाण्याच्या नेहमीच्या तपासणीत मोठ्या माशांऐवजी झेब्रा माशाची अंडी वापरायला घेतली. हा मासा तर आपल्याच देशातल्या ओढ्यानाल्यांतला! रसायनांसाठी ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये माशांच्या अंड्यांवरची भ्रूणचाचणी मान्य केली, २०२१ मध्ये ट्राउटच्या कल्ल्यांच्या पेशींवरची चाचणीही. पेशींना रसायनात ठेवायचं ते फक्त २४ तास. मज्जासंस्थेवर घाव घालणारी काही कीटकनाशकं या पेशींच्या चाचणीत नीट पकडली जात नाहीत, म्हणून एकदम उडी नको.

नियम केंद्राचा आहे, पण बदलासाठी मंडळ केंद्राला लिहू शकतं. तोवर कल्याण परिसरातल्या एका सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर वर्षभर जुनी आणि नवी चाचणी एकाच नमुन्यावर करून पाहा आणि आकडे लोकांपुढे ठेवा. आज ‘नापास’ कळायला चार दिवस जातात. तोवर ते पाणी खाडीत पोचलेलं असतं. निकाल लवकर आला तर नमुनेही जास्त वेळा घेता येतील.

या कामाला अनुभवी हात लागले, तर मी यायला तयार आहे.

आपली,
काळूकाठची एक रहिवासी, टिटवाळा