बांधावरचा तरवड मारू नका



यंदा घटाच्या माळेला तरवडाची फुलं शोधत किती जणांना फिरावं लागलं? पूर्वी बांधावर गेलं की ओंजळभर पिवळी फुलं मिळायची. आता बाजारातून विकत आणायची वेळ आली. तरवड गेला कुठं? आपणच घालवला. बांध 'स्वच्छ' दिसावा म्हणून पंप पाठीवर घेतला आणि तणनाशक मारलं.

पिकात काय मारायचं तो ज्याचा त्याचा हिशोब. पण बांधावर तणनाशक नको, असं माझं स्पष्ट मत आहे. उघडा बांध पहिल्या मोठ्या पावसात फुटतो आणि माती ओढ्याला जाते. तरवडाचं मूळ खोल जातं. मुरमाड, बिनपाण्याच्या जागेत तो तग धरतो. शेळ्या-गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाचा खर्च नाही. अणे पठार, बेल्हे, लोणी-धामणी इकडच्या कोरड्या रानाला याहून स्वस्त झुडूप कुठलं?

आता टोमॅटोवाल्यांनी नीट वाचा. टोमॅटोच्या फुलातला पराग नळीत बंद असतो, फूल हललं की तो खाली पडतो. वाऱ्यानं काही काम होतं. पण काळा भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो तेव्हा पराग भसकन बाहेर येतो नि फळधारणा सुधारते. मधमाशीला ही थरथर जमत नाही. तरवडाचं फूलही असंच आहे. त्यात मध नाही, आणि पराग बारीक छिद्रातून थरथरीनंच निघतो. म्हणजे दोघांचा गडी एकच! टोमॅटो नसतो तेव्हा त्याला तरवड जगवतो. आणि आपण काय करतो? मांडवाच्या बांबूला भोक पाडतो म्हणून त्यालाच मारतो. दोन-चार जुने बांबू बांधाला पडू द्या की. फवारणीही फुलोऱ्यात सकाळी नको, सायंकाळी करा.

तरवडावर हिरव्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या बहुतेक पांढरट-पोपटी फुलपाखराच्या असतात, टोमॅटोला लागत नाहीत.

एक गैरसमज मात्र काढून टाका. तरवड शेंगवर्गातला असला तरी त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत, तो हवेतला नत्र जमिनीत देत नाही. हिरवळीच्या खताला ताग नाहीतर धैंचाच घ्या. आणि कुणी 'फुलांचा चहा होतो, एकरभर लावा, आम्ही घेतो' म्हणालं, तर आधी लेखी भाव आणि आगाऊ रक्कम मागा. चहा होतो हे खरं, तमिळनाडूत पितातही. पण आपल्याकडं त्याची बाजारपेठ बसलेली नाही. तरवडाची जागा बांधावरच, चांगल्या रानात नाही.

आता शेंगा भरतायत. चपट्या शेंगा तपकिरी होऊन वाळल्या की तोडा, बी काढून कोरड्या डब्यात ठेवा. साल टणक असते, म्हणून पेरण्याआधी जाड वाळूत चोळा किंवा गरम पाणी ओतून रात्रभर भिजवा. पहिल्या पावसावर दोन-अडीच हातांवर दोन-तीन बिया टोका. फार वाढला तर फुलोरा संपल्यावर छाटा.

ज्यांच्या बांधावर अजून तरवड आहे त्यांनी मूठभर बी जास्तीचं काढून संकलन केंद्रावर आणून द्या. ज्यांच्याकडं नाही त्यांना वळवाच्या आधी वाटून टाकू.