पडलेली बॅटन उचलू द्या



२२ डिसेंबर हा थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. २०१२ पासून तो राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. आपल्या शाळेत त्या दिवशी इतर कार्यक्रमांबरोबर सांघिक गणित रिलेची फेरी घेतली जाते. मागील वर्षीच्या फेरीनंतर आमच्याकडे दोन सूचना आल्या. एक, ही फेरी बंदच करावी. दोन, पहिल्या जागी वर्गातील सर्वांत हुशार मुलालाच बसवावे. दोन्ही सूचना कळकळीने केलेल्या आहेत, परंतु आम्हांस त्या मान्य नाहीत. फेरी चालू राहावी, नियम मात्र बदलावेत, असे आमचे मत आहे. त्याची कारणे येथे मांडत आहोत.

प्रथम काय घडले ते सांगतो. तिघांची तुकडी एकामागे एक बसते. पहिला आपले उदाहरण सोडवून उत्तराची चिठ्ठी मागे देतो, दुसरा ती संख्या आपल्या उदाहरणात घालतो आणि त्याचे उत्तर तिसऱ्याकडे जाते. गुण फक्त तिसऱ्याच्या उत्तराला. पहिले उदाहरण होते : २४ आणि ३६ यांचा मसावि काढा. दुसरे : मिळालेली संख्या ही चौरसाची परिमिती असल्यास क्षेत्रफळ किती? तिसरे : १ पासून मिळालेल्या संख्येपर्यंतच्या सर्व नैसर्गिक संख्यांची बेरीज करा. बरोबर उत्तरे १२, ९ आणि ४५. एका तुकडीतील पहिल्या विद्यार्थिनीने घाईत मसाविऐवजी लसावि काढला आणि ७२ लिहून चिठ्ठी मागे दिली. दुसऱ्याने बिनचूक ३२४ काढले. तिसऱ्याने बिनचूक ५२६५० काढले. तुकडीला शून्य गुण मिळाले.

शून्य मिळाले याचे फारसे दुःख नाही. परंतु त्यानंतर मधल्या सुट्टीत आणि घरी जाताना रिक्षात त्या मुलीला जे ऐकावे लागले, त्याचे दुःख आहे. यंदा तिने गणिताच्या कोणत्याही स्पर्धेत नाव दिलेले नाही. हा दोष तिच्या सोबत्यांचा नाही. आम्ही केलेल्या नियमांत एकाच्या चुकीचे खापर त्याच्यावर फोडण्याखेरीज मुलांना दुसरा मार्गच नव्हता.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे मसाविला ‘महत्तम समापवर्तक’ आणि लसाविला ‘लघुत्तम समापवर्त्य’ म्हणत. समापवर्तक आणि समापवर्त्य या दोन शब्दांत आम्ही किती वेळा फसलो याची गणती नाही. आपल्या बडोद्याच्या मुलांची अडचण तर याहून मोठी आहे. शाळेत मसावि-लसावि, शेजारच्या गुजराती मित्राच्या वहीत गु.सा.अ. आणि ल.सा.अ., शिकवणीत एचसीएफ आणि एलसीएम. घड्याळ डोक्यावर असताना यातले एक नाव दुसऱ्याच्या जागी आले, तर त्यावरून मुलाला गणित येत नाही असे ठरत नाही.

मग ही फेरी हवीच कशाला? कारण बाकी सर्व परीक्षा एकट्याने द्यायच्या आहेत. १९९६ साली मुंबईत भरलेले आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड घ्या. तेथेही देशाचे सहा विद्यार्थी येतात, पण प्रत्येक जण आपली सहा उदाहरणे आपणच सोडवतो. रिलेमध्ये मात्र दुसऱ्याच्या उत्तरावर आपले उत्तर उभे करावे लागते. शिवाय संख्या हाती येईपर्यंत मागचे दोघे रिकामे बसत नाहीत. परिमिती ‘न’ मानली तर क्षेत्रफळ ‘न’च्या वर्गाचा सोळावा भाग, हे दुसरा आधीच मांडून ठेवतो. बीजगणित कशासाठी शिकायचे, या प्रश्नाचे इतके सोपे उत्तर आम्हांस दुसरीकडे सापडलेले नाही.

आपले जुने नियम अमेरिकेतील प्रादेशिक गणित लीगच्या धर्तीवर होते. तेथे रिलेसाठी तिघांचे गट असतात आणि फक्त शेवटचे उत्तर तपासले जाते. ते तीन मिनिटांत बरोबर आले तर पाच गुण, सहा मिनिटांत आले तर तीन. ब्रिटनमधील सांघिक गणित स्पर्धेची रीत वेगळी आहे. तेथे दोन जोड्यांमध्ये उत्तरांची साखळी चालते, पण साखळीतील प्रत्येक उत्तराला स्वतंत्र गुण असतात आणि शिट्टीच्या आत सर्व पूर्ण झाले तर वर काही अधिक. म्हणजे फेरी एकच असली तरी तिचे नियम एकच असावेत असे कोठेही लिहिलेले नाही.

नियम घडवणे आपल्या गावाला नवे नाही. हुतूतूचे नियम १९२३ साली छापले गेले आणि त्याच वर्षी त्या नियमांनुसार अखिल भारतीय स्पर्धा बडोद्यात भरली. गल्लोगल्ली वेगवेगळ्या तऱ्हेने खेळला जाणारा खेळ सर्वांना मान्य होईल अशा रीतीने कागदावर आला, तेव्हाच तो पुढे गेला. आपली गणिताची फेरीही तशीच नीट कागदावर यावी. त्यासाठी आम्ही पुढील नियम सुचवतो.

१) तिघांना उदाहरणे एकाच वेळी मिळतील. वेळ सहा मिनिटे. बोलणे किंवा खुणा करणे नाही. चिठ्ठीवर फक्त उत्तर.

२) चूक लक्षात आल्यास घंटा होईपर्यंत सुधारलेली चिठ्ठी पुन्हा मागे देता येईल.

३) मिळालेली संख्या संशयास्पद वाटल्यास दुसरा किंवा तिसरा विद्यार्थी एकदाच चिठ्ठी पुढे परत पाठवू शकेल. तिच्यावर ‘पुन्हा पाहा’ एवढेच लिहावे.

४) हाती आलेल्या संख्येवर ज्याने बरोबर काम केले त्याला २ गुण. अंतिम उत्तर बरोबर असल्यास तुकडीला आणखी ४. अशा रीतीने एकूण १० गुण.

५) प्रत्येक फेरीनंतर तिघांनी जागा बदलायच्या. तीन फेऱ्यांत प्रत्येक जण एकदा पहिला बसेल.

६) उदाहरणात ‘मसावि’ असे न लिहिता ‘महत्तम साधारण विभाजक’ असे पूर्ण लिहावे आणि खाली गुजराती नाव द्यावे.

७) निकालात तुकडीचे गुण सांगावेत. कोण चुकले ते सांगू नये.

या नियमांनी मागील वर्षीच्या त्या तुकडीला शून्याऐवजी ४ गुण मिळाले असते. शिवाय तिसऱ्याने ५२६५० हे भलेमोठे उत्तर पाहून चिठ्ठी परत पाठवली असती, तर कदाचित दहाही मिळाले असते.

एक आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. ‘व्यवहारात चुकीला माफी नसते, मग शाळेत का लाड?’ असे काही पालक म्हणतील. पण व्यवहारातच पाहा. दुकानाचा हिशेब जुळला नाही तर वही मागे उलटून चूक शोधतात, दुकान बंद करत नाहीत. मैदानावरच्या रिले शर्यतीतही बॅटन पडली म्हणून संघ बाद होत नाही. ज्याच्या हातून ती पडली त्याने स्वतः उचलायची आणि पुढे धावायचे, असा नियम आहे. त्यात वेळ जातो, ती त्याची शिक्षा. परंतु उचलण्याचा हक्क त्याचाच राहतो. मैदानावर जे चालते ते वर्गात का चालू नये?

दुसरा आक्षेप आमच्या शिक्षकांचा आहे, आणि तो खरा आहे. चुकीच्या संख्येवरून पुढची उत्तरे तपासायची म्हणजे परीक्षकांचे काम वाढेल. प्रत्येक फेरीला दोन परीक्षक अधिक लागतील. त्यासाठी गणित येणाऱ्या पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी पुढे यावे, अशी विनंती आहे. आपण आमच्याकडे नाव नोंदवावे.

हा मसुदा विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीत ठेवत आहोत. मंडळाने तो मान्य केल्यास येत्या गणित दिनी त्याप्रमाणे फेरी होईल. पालकांना एवढेच सांगणे की, त्या दिवशी मूल घरी आल्यावर ‘कोणामुळे हरलात?’ असे विचारू नका. ‘कोणते उदाहरण होते, दाखव बरे,’ असे विचारा. आणि ज्या विद्यार्थिनीने यंदा नाव दिलेले नाही, तिच्या घरीही हा अंक जाईलच. नावे देण्याची मुदत आम्ही आठ दिवसांनी वाढवत आहोत.