दुसऱ्या आसनाचा अधिकार

९ जून २०२५ रोजी सोलापूरहून गोव्याची विमानसेवा सुरू झाली, याचा शहराला झालेला आनंद रास्तच होता. परंतु विमानाच्या पुढच्या दोन आसनांवर बसणाऱ्यांत सत्तेची वाटणी कशी असते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. प्रवाशाचा जीव मात्र त्या वाटणीवरच टांगलेला असतो.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसच्या सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असे तीनदा बजावले. कॅप्टनने ऐकले नाही. १५८ माणसे मृत्युमुखी पडली. सहवैमानिकाच्या अधिकाराविषयीच्या सूचनाच संदिग्ध होत्या, असे चौकशीत दिसून आले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला त्याच कंपनीच्या विमानात तेच घडले. २१ जण गेले. या वेळी अहवालाने कॅप्टनबरोबरच, ताबा घेतला नाही म्हणून सहवैमानिकालाही दोष दिला.

हा दोष अर्धसत्य आहे. त्याच अहवालाने दोघांच्या अधिकारातील तीव्र तफावतीवर बोट ठेवले आहे. कोळिकोडच्या तळावर २६ सहवैमानिकांमागे नेमणुकीवर कॅप्टन एकच होता, आणि त्या रात्री विमान चालवणाऱ्या कॅप्टनला दुसऱ्या सकाळचे उड्डाणही करायचे होते, हेही त्यात नमूद आहे. मनुष्यबळाची काटकसर व्यवस्थापनाने करायची आणि धैर्याची अपेक्षा कनिष्ठाकडून ठेवायची, हा कुठला न्याय? कंपनी तेव्हा सरकारी मालकीची होती, हे समाजवाद्यांनीही विसरू नये. मालकी बदलल्याने हुकूमशाहीची सवय आपोआप जात नाही.

सोलापूरच्या गिरण्यांना हे नवे नाही. बदली कामगाराची हजेरी जॉबरच्या मर्जीवर असे. यंत्रातला धोका दिसला तरी तो आधी घरच्या चुलीचा विचार करी. त्याला भित्रा म्हणणे सोपे होते. ती भीती निर्माण करणाऱ्या व्यवस्थेला हात घालणे अवघड होते.

शिस्त बिघडेल, असा आक्षेप घेतला जातो. परंतु १९७७ मध्ये टेनेरिफला धावपट्टीवर दोन विमाने आदळून ५८३ माणसे मेली, ती शंका घेणाऱ्या सहकाऱ्याचे म्हणणे कॅप्टनने उडवून लावल्यानंतर. शिस्तीचा अर्थ मौन नव्हे. दोन स्पष्ट इशाऱ्यांना उत्तर न मिळाल्यास कनिष्ठाने ताबा घ्यावा. त्यासाठी त्याच्या बढतीवर आणि सेवापुस्तकावर ओरखडाही उठू नये, अशी लेखी हमी हवी. आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारी संघटनाही हवी. ही मागणी केवळ वैमानिकांची नाही. कामगार चळवळीने ती आपली मानली पाहिजे.