व्यसनी रुग्ण आणि आपण

कर्करोगानें पीडलेला मनुष्य तंबाखूचा किंवा मद्याचा व्यसनी असला, म्हणजे त्यास औषधाआधीं उपदेश मिळतो: "केल्या कर्माचीं फळें!" हें बोलणें आम्हांस निष्ठुर वाटतें, तसेंच निरुपयोगीही वाटतें. लाजविलेला मनुष्य विडी सोडीत नाहीं. ती लपून ओढतो आणि डॉक्टरांपासूनही सत्य लपवितो. वास्तविक निदानानंतरही तंबाखू सोडल्यास जखमा लवकर भरतात व उपचारांस साह्य होतें. परंतु सोडण्याचें बळ एकट्यास कोठून येणार?

खराडीपासून जवळच, येरवड्यास, मुक्तांगण ही व्यसनमुक्तीची संस्था आहे. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट या दांपत्यानें ती १९८६ सालीं स्थापिली. व्यसन हा आजार आहे, असें मानून तेथें उपचार होतात. ज्या अनिताबाईंनीं व्यसनमुक्तीस आयुष्य वाहिलें, त्या १९९७ सालीं कर्करोगानेंच निवर्तल्या. रोग मनुष्याची पात्रता पाहून येत नाहीं. मग आम्हीं सेवा करितांना ती कां पाहावी?

दयाळू शोमरोन्यानें जखमी वाटसरूस, "तूं या वाटेनें आलासच कां?" असें विचारिलें नाहीं. विद्यार्थिमित्रहो, शेजारच्या रुग्णाजवळ घटकाभर बसा. पालकहो, त्याच्यासमोर विडी पेटवूं नका. त्याच्यासोबत दवाखान्यांत जा. एवढें तरी आपण करूं या.