बांधावरची बाभळ कुठं गेली?



सुगी उरकली, जत्रा भरली, की गावाबाहेरच्या माळावर सिनेमाचा तंबू उभा राहायचा. ते दिवस तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. घरून पोते न्यायचे आणि त्यावर बैठक मारायची. मध्येच रीळ तुटले की शिट्ट्यांचा पाऊस पडायचा. मशीनवाला घाईघाईने ते चिकटवायचा, पण तेवढ्यात हातभर फिल्म वाया जायची. मग आत्ता विहिरीवर असलेला नायक एकदम घोड्यावर दिसायचा! आम्ही हसायचो. मधले काहीतरी गेले, हे शेंबड्या पोरालाही कळायचे.

आता ज्याचा तंबू त्याच्या खिशात आहे. रात्री जेवणे झाली की घरात चार माणसे चार व्हिडिओ बघत बसतात. आणि कात्री इतकी सफाईची झाली आहे की मधले काही गेले तरी कळत नाही. आज मला त्या कात्रीविषयीच तुमच्याशी बोलायचे आहे. कारण गेल्या वर्षी तिने आमच्या घरातले दुधाचे पैसे कापून नेले.

श्रावणातली गोष्ट. बारा दिवस झड धरून राहिली होती. सोयाबीन ऐन वाढीत, रान चिबडलेले, आणि शेंड्याकडची पाने पिवळी पडू लागलेली. शिरा तेवढ्या हिरव्या. पुतण्याचा जीव टांगणीला लागला. कर्ज काढून पेरलेले चार एकर पिवळे दिसू लागले की कोणाचा लागणार नाही? त्याच सुमाराला त्याच्या मोबाइलवर एका टॉनिकचा व्हिडिओ आला.

व्हिडिओ होता मोठा झोकदार. सुरुवातीला आभाळ भरलेले, पिवळे रान, डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी आणि मागे रडवे सूर. मग पाठीवरचा पंप, बाटलीचे झाकण उघडणारा हात. आणि लगेच लख्ख ऊन, बासरी, कमरेएवढे गर्द हिरवे सोयाबीन, शेंगांनी लगडलेले झाड आणि तोच शेतकरी फेटा बांधून हसतोय! ‘फक्त सात दिवसांत,’ असे मोठ्या अक्षरांत लिहून येते. सगळा खेळ एका मिनिटाच्या आत. खोटे कशाला सांगू, मी तो पाहिला आणि मलाही पटला. साठ वर्षे सिनेमे बघून मुरलेला माणूस मी, पण बासरी सुरू झाली आणि माझी शंका पळाली.

एकरी एक बाटली, बाटलीला ९०० रुपये. चार बाटल्यांचे ३,६०० रुपये झाले. पुतण्याच्या मुलीचे दहावीचे वर्ष होते. तिच्या शिकवणीसाठी आमच्या वहिनींनी दुधाच्या हिशेबातून वाचवून डब्यात ठेवलेले ते पैसे. ते गेले आणि बाटल्या आल्या.

बाटल्या घरात आल्या त्या रात्री नातीने आजीला तो व्हिडिओ दाखवला. वहिनी सिनेमा फारसा बघत नाहीत. पण रान बघतात. त्यांनी तो तीनदा लावायला सांगितला आणि मला हाक मारली.

“भावजी, बांधावरची बाभळ कुठं गेली?”

“कसली बाभळ?”

“पयल्या रानाला मागं बांध हाय आन् त्येच्यावर बाभळ हाय. दुसऱ्या रानाला बांधच न्हाई, तारंचं कुंपण हाय. मानूस त्योच, पर रान दुसरंच.”

आम्ही पुन्हा पाहिले. अगदी खरे! पुतण्या आणि मी रडका चेहरा बघत होतो, फेटा बघत होतो. म्हणजे जे दाखवायचे होते तेच बघत होतो. वहिनी मात्र मागचा बांध बघत होत्या.

विक्रेत्याने फोन उचलला नाही. वहिनी म्हणाल्या, “आनलंच हाय तर मारा. पर हिरीकडली सहा तासं तशीच सोडा.” पुतण्याने ऐकले. सहा तासांच्या दोन्ही टोकांना खुणेच्या काठ्या रोवून बाकीचे रान फवारले. पुढे पाऊस उघडला, वाफसा आला. दहा-बारा दिवसांनी आम्ही बांधावर उभे राहिलो, तेव्हा फवारलेले कोणते आणि सोडलेले कोणते, हे काठीवाचून ओळखू येईना. दोन्ही सारखेच हिरवे.

ह्यात चमत्कार काही नाही. चुनखडीच्या काळ्या रानात पाणी साचून राहिले की मुळांना लोह नीट उचलता येत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. चर काढून पाणी बाहेर काढले, वाफसा आला, की पीक पुष्कळदा आपले आपणच सावरते. न सावरले तर लोहाची फवारणी करावी लागते, ती सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून करावी. पिवळा मोझॅक हे दुखणे निराळे. त्यात पानावर पिवळे-हिरवे चट्टे पडतात आणि पांढरी माशी ते पसरवते. तेव्हा सगळे पिवळे एक समजू नका. पण माझा मुद्दा असा की, त्या व्हिडिओतले रान एकच असते, तरीसुद्धा टॉनिकाचा गुण सिद्ध झाला नसता. शेजारी न फवारलेला पट्टा दाखवल्याशिवाय गुण औषधाचा की उघडिपीचा, हे कळणार कसे? कृषी विद्यापीठात प्रयोग करतात तेव्हा असा काही न दिलेला तुकडा मुद्दाम राखतात. वहिनींनी सहा तासे राखली, ती तीच शास्त्राची वाट.

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, जाळून टाका तो मोबाइल. तसे करू नका. कात्री आणि कॅमेरा ही अवजारे आहेत. विळ्याने गवत कापता येते आणि बोटही कापते. ह्याच कलेचा एक नितळ नमुना आपल्याच मातीतला आहे, तो सांगतो.

त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. सिनेमा काढायला भांडवल हवे होते, पण ह्या नव्या धंद्यावर पैसे लावणार कोण? तेव्हा त्यांनी काय करावे? एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा कुंडीसमोर रोवला. महिन्याहून अधिक काळ थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र टिपत राहिले. त्या काळच्या मूकपटात एका सेकंदाला साधारण सोळा चित्रे पडद्यावरून जात. त्यामुळे महिन्याची वाढ डोळ्यांदेखत काही क्षणांत घडली. माती फुटली, कोंब वर आला, वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ हे त्या छोट्या चित्राचे नाव. ते पाहून सावकाराला पटले आणि कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, फिल्मला भोके पाडण्यापासूनची कामे त्या शिकल्या. अशा रीतीने ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला. म्हणजे ह्या सिनेमाला पैसा मिळाला तो वाटाण्याच्या कोंबामुळे! शेतकऱ्याने अभिमान बाळगावा अशी ही गोष्ट आहे.

आता बघा, फाळक्यांनीही काळ कापलाच होता. महिना गाळून क्षण दाखवले. मग त्यांच्यात आणि टॉनिकवाल्यात फरक कोणता? कुंडी तीच होती. कॅमेरा हलला नव्हता. मधला काळ गाळला, पण वाटाणा बदलला नाही. ह्या एका कसोटीवर कोणताही व्हिडिओ घासून बघावा.

दुसरी गोष्ट ‘मंथन’ सिनेमाची. १९७६ साली श्याम बेनेगल ह्यांनी तो काढला. पटकथेत आपल्या विजय तेंडुलकरांचा हात, आणि त्यात आपली स्मिता पाटील. दुधाची सहकारी सोसायटी गावात कशी उभी राहते आणि तिला कोण कोण आडवे जाते, त्याची ती कथा. त्याला भांडवल पुरवले गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी, प्रत्येकी दोन रुपये. आणि हे त्यांनी सिनेमाच्या सुरुवातीलाच पडद्यावर सांगून टाकले. मे २०२४ मध्ये तो सिनेमा दुरुस्त होऊन फ्रान्समधल्या कान महोत्सवात पुन्हा दाखवला गेला. मला त्यातली उघड पाटी आवडते. आमचा पैसा, आमची गोष्ट, आता तुम्ही पारखा! आपल्या मोबाइलवरच्या व्हिडिओत किती जण असे सांगतात? पैसे किंवा फुकटचा माल घेऊन जाहिरात करत असाल तर ते स्पष्ट सांगा, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये बजावलेले आहे. तरीही सांगणारे थोडे, गिळणारे फार.

चांगले व्हिडिओ नसतात असे मुळीच नाही. आंब्याचे कोय कलम बांधण्याचा एक व्हिडिओ मी परवा पाहिला आणि माझे मन निवले. गाणे नाही, बासरी नाही. एक म्हातारा बोरीच्या झाडाखाली बसलेला आणि कॅमेरा त्याच्या हातांवर रोखलेला. कोयीतून आलेले, अजून तांबूस पानांचे कोवळे रोप त्याने छाटले, मधोमध चीर दिली. चांगल्या जातीची काडी घेऊन तिला पाचरीसारखा काप दिला. पहिला काप वाकडा गेला. त्याने काडी टाकून दिली, “ही गेली” म्हणाला आणि दुसरी घेतली. ते वाकडे गेलेले कापून टाकले नव्हते! मग पाचर चिरेत बसवली आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधली. सगळे सलग. शेवटी म्हणतो, “बांधलेली सगळीच जगत नाहीत, धीर धरा.” त्या एका वाक्यावर माझा त्याच्यावर विश्वास बसला. चुकलेला काप दाखवणारा माणूस फसवायला बसलेला नसतो.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी असला व्हिडिओ आला की आधी आवाज बंद करून बघा. सूर काढून घेतले की उरते ते रान. मग मागे बघा. बांध, झाड, विहीर, डोंगर तेच आहेत का? न फवारलेला तुकडा दाखवला आहे का? आणि पैसा कोणाचा, हे विचारा. एवढे करूनही मन ओढ घेत असेल, तर घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याचा हात रोज मातीत असतो. आपण घरच्या बायकांना खुरपायला बोलावतो, पण खरेदी ठरवताना विचारत नाही. आमचे ३,६०० रुपये त्या चुकीपायी गेले, टॉनिकापायी नव्हे. बाटल्या येण्याआधी तो व्हिडिओ वहिनींना दाखवला असता तर डबा भरलेला राहिला असता.

पुतण्याच्या मनाला ते फार लागले. नातीच्या शिकवणीचे पैसे त्याने पुढे शेळी विकून भरले. पण त्याने आणखी एक केले. ऐन शेंगा भरल्या तेव्हा त्याने स्वतःचा एक व्हिडिओ काढला. काठ्यांच्या अलीकडचे रान, पलीकडची सहा तासे, उपटलेल्या झाडांच्या शेंगा मोजून दाखवल्या. मध्ये कुठेही थांबला नाही की कापले नाही. गावाच्या गटावर टाकला, तर तीस-चाळीस जणांनी पाहिला असेल. त्यातल्या दोघांनी मागवायला काढलेल्या बाटल्या रद्द केल्या, असे कानावर आले.

आमच्या बांधावर बाभळ नाही. म्हणून त्याने खुणेसाठी आईलाच मागे उभे केले होते. व्हिडिओ सुरू झाल्यापासून संपेपर्यंत वहिनी तिथेच उभ्या दिसतात, डोईवर पदर घेऊन, जरा अवघडलेल्या. जागच्या हललेल्या नाहीत.

बराय, पुढच्या आठवड्यात भेटूच.