दम मुलाचा की दोष रीडचा?

बॅगपाइप हे वाद्य मूळचे आपले नव्हे, हे सांगावयास नको. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले हे वाद्य ब्रिटिश पलटणींबरोबर हिंदुस्थानात आले आणि त्या पलटणी गेल्या तरी येथेच राहिले. दरवर्षी २९ जानेवारीस दिल्लीच्या विजय चौकात जो ‘बीटिंग रिट्रीट’चा सोहळा होतो त्यात आपल्या लष्कराचे पाइप बँड वाजतात, गढवाल-कुमाऊंकडे तर ‘मशकबीन’ हे नाव घेऊन ते लग्नाच्या वरातीत सामील झाले आहे. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने होणाऱ्या राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत मुलांच्या आणि मुलींच्या पाइप बँडांचे स्वतंत्र गट असतात. तेव्हा आमच्या वाचकांपैकी एखाद्याचा मुलगा वा मुलगी हे वाद्य खांद्यावर घेत असेल, तर त्यात नवल नाही. आजचे लेखन विशेषेकरून त्या घरासाठी आहे.

घडते असे की, मूल हौसेने बँडात जाते, महिना-दोन महिने धापा टाकते, आणि मग कोणीतरी निकाल देऊन टाकतो की याच्या छातीत दम नाही. मूल खट्टू होऊन घरी बसते. आमचे म्हणणे इतकेच की, हा निकाल देण्यापूर्वी वाद्य एकदा उघडून पाहावे. पुष्कळ वेळा दम मुलाचा कमी नसतो. तो दम तीन नळ्या खाऊन टाकीत असतात.

या नळ्यांना ड्रोन म्हणतात. (हल्लीच्या मुलांना या शब्दाने आकाशात भिरभिरणारे यंत्र आठवते, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.) वादक पिशवीत हवा भरतो व ती काखेत दाबून धरतो. ती हवा चार वाटांनी बाहेर पडते. एक वाट बोटांनी वाजवावयाच्या चँटरची. त्यातून नऊ स्वर निघतात. उरलेल्या तीन वाटा ड्रोनच्या. त्यांपैकी दोन टेनर, ते चँटरच्या मूळ स्वराच्या एक सप्तक खाली बोलतात. तिसरा लांब बास, तो आणखी एक सप्तक खाली. त्यांचे काम एकच, अखंड एका सुरात राहणे. सनईच्या साथीला सूर धरून बसणारा वादक किंवा गवयाच्या मागचा तंबोरा, तेच हे. काही शाळांतून कटकट नको म्हणून ड्रोनना बूच मारून ते केवळ शोभेला खांद्यावर मिरवलेले पाहण्यात येतात. तंबोऱ्याच्या तारा काढून नुसता भोपळा मांडीवर घ्यावा, तशातला हा प्रकार.

प्रत्येक ड्रोनच्या बुडाशी एक रीड असते. जुनी रीड म्हणजे बोरूच्या जातीच्या पोकळ वेताची बोटभर कांडी. तिचे एक तोंड मेणाने बंद करतात आणि अंगावर उभी चीर देऊन एक पातळ जीभ मोकळी करतात. जिभेच्या मुळाशी मेणदोऱ्याचे वेढे असतात. या वेढ्यांना आपण लगाम म्हणू, कारण ते काम लगामाचेच करतात. अलीकडच्या काही दशकांत प्लॅस्टिकच्या वा कार्बन धाग्याच्या जिभेच्या कृत्रिम रीड आल्या. त्या दमटपणाने फारशा बिघडत नाहीत, पण लगाम त्यांनाही असतो आणि तो त्यांनाही लावावाच लागतो.

जीभ फार उघडी असली की हवा भसाभस निघून जाते. आवाज मोठा येतो, पण मुलाचा जीव जातो. जीभ फार मिटलेली असली तर जरा दाब वाढताच ती चिकटते आणि ड्रोन गप्प होतो. खरी खुबी या दोहोंच्या मधली. म्हणून प्रथम चँटरची रीड मुलाच्या शक्तीप्रमाणे निवडावी. थोराची कडक रीड कोवळ्या मुलास देणे हा शुद्ध अन्याय होय. मग सर्व वाटांना बुचे मारून पिशवी फुगवून दाबावी. हवा झिरपत असेल तर रीडला हात लावू नये, आधी पिशवी दुरुस्त करावी. त्यानंतर चँटर व एकच ड्रोन उघडा ठेवून मुलाला नेहमीच्या जोराने वाजवू द्यावे आणि हळूहळू दाब वाढवावयास सांगावे. नेहमीच्या दाबाहून थोडा अधिक दाब होताच तो ड्रोन बंद पडला, तर रीड जुळली. कितीही फुंकले तरी बंद पडत नसेल, तर ती हवाखाऊ आहे. लगाम जिभेच्या मोकळ्या टोकाकडे सरकवावा. नेहमीच्या दाबालाच बंद पडत असेल, तर लगाम मागे घ्यावा. सरकवावयाचे ते केसभर; एका वेळी त्याहून अधिक नाही.

केसावरून आठवले. मिटू पाहणाऱ्या वेताच्या जिभेखाली, अगदी मुळाशी, जुने पाइपवादक खरोखरच माणसाच्या डोक्याचा एक केस सरकवतात. तेवढ्याने जीभ उचलली जाते आणि रीड बोलू लागते. आपल्याकडे तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सारून जवारी खुलवतात, त्याची येथे आठवण न होणे अशक्य. दोन्हीकडील कारागिरांची गाठ कधी पडली असेल असे वाटत नाही.

लगाम पुढे गेला की जीभ आखूड होते आणि सूर चढतो. मागे आला की उतरतो. तेव्हा रीड लावल्यावर सूर पुन्हा मिळवावा लागतो. ड्रोनचा वरचा भाग खालच्यावर सरकता असतो. तो वर ओढून नळी लांब केली की सूर उतरतो, खाली ढकलला की चढतो. ही घाई सुरुवातीलाच करू नये. दहा-पंधरा मिनिटे वाजवून रीडला ओल आणि ऊब मिळू द्यावी. मग आधी एक टेनर चँटरशी, दुसरा टेनर पहिल्याशी आणि शेवटी बास. चँटरचा मूळ स्वर सेकंदाला ४८० कंपनांचा असेल, तर टेनर २४० चा हवा आणि बास १२० चा. एक टेनर २४० आणि दुसरा २४२ असला तर सेकंदाला दोनदा आवाज हेलकावे खातो. हे हेलकावे संथ होत होत थांबले की जुळले. त्यासाठी यंत्र लागत नाही; ज्या घरात तंबोरा लागलेला मुलाने ऐकला आहे, तेथे त्याचा कान आधीच तयार असतो.

बँडाच्या गणवेशावरील झालरींना आणि तुऱ्यांना पैसे मिळतात, सुट्या रीडना मिळत नाहीत, ही तक्रार आम्ही येथे नोंदवून ठेवतो. एक मेणदोऱ्याचे रीळ आणि दोन-तीन जादा रीड यांचा खर्च तो काय!

आणखी एक. रीडचे बूड ड्रोनमध्ये घट्ट बसले आहे ना, हे दर वेळी ओढून पाहावे. सैल असेल तर मेणदोऱ्याचे दोन वेढे वाढवावेत. ऐन संचलनात रीड निसटून पिशवीत पडली, तर ती तेथून काढावयास वाद्य सोडावे लागते. आणि वाजवणे आटोपल्यावर ड्रोन उपसून आतील पाणी पुसून घ्यावे. ओले वाद्य तसेच पेटीत बंद करून ठेवू नये, विशेषतः पावसाळ्यात.