भीतीपोटी लिहिलेली चाचणी

परवा फोंड्याच्या मामांना घेऊन एका खाजगी डॉक्टरांकडे गेलो होतो. मामा अडुसष्ट वर्षांचे, तक्रार काय तर गुडघा दुखतो. बाहेर पडताना हातात रक्ततपासण्यांची लांबलचक यादी आणि तिच्यात पीएसए, म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरसाठी करतात ती चाचणी. परत आत जाऊन विचारलं, "डॉक्टर, गुडघ्याला ही कशाला?" ओळखीचे गृहस्थ. हसून म्हणाले, "नाही लिहिली आणि उद्या काही निघालं, तर तुम्हीच मला कोर्टात खेचाल."

खरं तर राग यायला हवा होता. आला नाही, कारण मीही असाच वागतो. अर्जाला लागणारे सगळे कागद समोर असतात, तरी मी आणखी एक झेरॉक्स मागतो. अर्जदाराला तिचा उपयोग शून्य. उद्या ऑडिटवाल्यांनी शेरा मारला तर सुटतो मी. पण झेरॉक्सने कुणाचं शरीर बिघडत नाही. पीएसएचा आकडा नुसत्या वाढलेल्या ग्रंथीने किंवा जंतुसंसर्गानेही चढतो. मग बायोप्सी, कदाचित शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर काहींचा लघवीवर ताबा राहत नाही. सापडलेला कॅन्सर पुष्कळदा इतका सावकाश वाढणारा असतो की माणूस शेवटी दुसऱ्याच कशाने तरी जातो. उलट, काहींचा जीव या चाचणीमुळे वाचतोही. म्हणून तर आधी बोलायला हवं.

याच चाचणीवरून अमेरिकेत एक खटला झाला. व्हर्जिनियातल्या डॅनियल मेरेनस्टाईन या शिकाऊ डॉक्टरने १९९९ साली ५३ वर्षांच्या रुग्णाला चाचणीचे फायदे-तोटे समजावले, तशी नोंदही केली. चाचणी झाली नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरने काही न विचारता ती करवली आणि बळावलेला कॅन्सर निघाला. २००३ च्या खटल्यात रुग्णाच्या वकिलांचा मुद्दा असा, की इथले बहुतेक डॉक्टर चर्चा करत बसत नाहीत, सरळ चाचणी करतात. तेव्हा तीच योग्य पद्धत! ज्यूरीने मेरेनस्टाईनला सोडलं, पण त्याच्या प्रशिक्षण संस्थेवर दहा लाख डॉलर बसवले. नंतर आपण जास्त चाचण्या लिहू लागलो, हे त्याने स्वतःच २००४ मध्ये लिहिलं. का नाही लिहिणार?

आपल्याकडे पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्याखाली येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलं. ते योग्यच झालं. रुग्णाला दाद मागायला जागा हवीच. पण त्याच न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात हेही सांगितलं, की डॉक्टरने मान्य पद्धतींपैकी एक निवडली आणि दुसरी सोडली, एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. म्हणजे कायदा वाटतो तेवढा आंधळा नाही. डॉक्टरची भीती मात्र कायद्यापेक्षा मोठी आहे, आणि तिचं बिल आपण भरतो. माझं म्हणणं एवढंच, की चाचणी केली का यापेक्षा रुग्णाला काय सांगितलं होतं, हे आधी विचारलं जावं.

अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने २०१८ मध्ये सल्ला दिला: ५५ ते ६९ वयात डॉक्टरशी बोलून ज्याने त्याने ठरवावं, सत्तरीनंतर ही चाचणी नकोच. घरी येऊन मामांना हे सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हें म्हाका ताणें कित्याक सांगलें ना?"

यादी अजून त्यांच्या खिशात आहे. सोमवारी पुन्हा जायचंय, या वेळी मामाच विचारणार आहेत.